जस्ताचा अॅनोड केओएचमध्ये दर वेळी वेगळ्याच क्षणी बंद पडतो: कारण शोधायचं कसं

पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे केओएचच्या द्रावणात जस्त अॅनोड म्हणून चालवलं की ते आधी विरघळतं, मग पृष्ठभागावर ऑक्साइड साठतो आणि करंट कोसळतो. यालाच पॅसिव्हेशन म्हणतात. विभव, म्हणजे व्होल्टेज, वाढवत नेत करंट मोजला की पुस्तकातला आलेख सुबक असतो: एक शिखर, मग सपाट तळ. प्रत्यक्षात सकाळचा आलेख दुपारच्या आलेखाशी जुळत नाही आणि दोष धातूच्या माथी मारला जातो. जस्ताचा तुकडा बदलला जातो, पॉलिश वाढवलं जातं, तरी फरक पडत नाही.

याचं कारण एका वाक्यात सांगता येतं. अल्कलीमध्ये जस्त कधी बंद पडणार हे बहुतेक वेळा धातू ठरवत नाही, त्याला चिकटून असलेला द्रावणाचा पातळ थर ठरवतो. विरघळणाऱ्या प्रत्येक अणूला चार हायड्रॉक्साइड आयन लागतात आणि झिंकेट, म्हणजे विरघळलेल्या जस्ताचा आयन, तयार होतं. त्या थरात हायड्रॉक्साइड कमी पडला किंवा झिंकेट साचलं की झिंक ऑक्साइड बाहेर पडू लागतो. त्यामुळे त्या थराची स्थिती बदलणारी कुठलीही गोष्ट आलेख बदलते.

लक्षणं

आधी दोष कसा दिसतोय ते नीट बघा. लक्षणावरून निम्मं निदान होतं.

- सगळीच वैशिष्ट्यं (सुरुवातीचं विभव, शिखर, परतीचं शिखर) एकाच दिशेने, सारख्याच अंतराने सरकली: संशय रेफरन्स इलेक्ट्रोडवर, म्हणजे ज्याच्या सापेक्ष विभव मोजतात त्यावर.
- कमी करंटचा भाग जागच्या जागी, पण शिखर धन बाजूला सरकलं आणि चढाव तिरका झाला: द्रावणाचा रोध.
- पहिला स्कॅन, म्हणजे विभव वाढवून परत आणण्याची पहिली फेरी, वेगळा, दुसऱ्यापासून पुढचे एकमेकांशी जुळणारे: पृष्ठभागाची तयारी.
- प्रत्येक स्कॅनला थोडा थोडा, एकाच दिशेने बदल: द्रावण बदलतंय.
- काहीही क्रम नाही, कधी जास्त कधी कमी: बुडबुडा, सैल जोड, हलणारं द्रावण किंवा कडेने आत शिरणारी अल्कली.
- स्थिर करंटवर विभव एकदम उडी मारतं, पण कधी ४० सेकंदांनी तर कधी ३ मिनिटांनी: संवहन, म्हणजे द्रावणाचं आपोआप वाहणं.

आधी हे वगळा: जे दोषच नाहीत

परतीच्या स्कॅनमध्ये, म्हणजे विभव ऋण दिशेने येताना, करंट अचानक पुन्हा धन बाजूला उसळी घेतो. नवख्यांना ही उपकरणाची चूक वाटते. ती चूक नाही. ऑक्साइडचा थर विरघळतो, खालचं ताजं जस्त उघडं पडतं आणि पुन्हा विरघळू लागतं. हे परतीचं शिखर जस्ताच्या बाबतीत अपेक्षितच आहे. ते अजिबात दिसलं नाही तरच विचार करा.

स्कॅन रेट वाढवल्यावर शिखर उंच होतं आणि धन बाजूला सरकतं, हेही स्वाभाविक आहे. वेगवेगळ्या रेटचे आलेख एकमेकांवर ठेवून 'जुळत नाही' म्हणू नका.

पृष्ठभागाचा रंगही दोन प्रकारचा दिसेल. पॉवर्स आणि ब्रायटर या संशोधकांनी १९६९ मध्ये या दोन थरांचं वर्णन केलं: पहिला पांढरा, सैल, सच्छिद्र, अतिसंपृक्त द्रावणातून खाली बसलेला, दुसरा घट्ट, करड्यापासून काळपट रंगाचा, धातूवरच तयार झालेला. करंट खऱ्या अर्थाने बंद पाडतो तो दुसरा. पांढरा भुगा दिसला म्हणजे पॅसिव्हेशन झालं असं धरू नका.

१. डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी (खर्च शून्य)

क्लिप आणि तारा बघा. केओएच तारेवरून वर चढतं. त्याची सवयच तशी आहे. अॅलिगेटर क्लिपच्या जबड्यात पांढरा किंवा हिरवट क्षार दिसला तर जोड गेला समजा. क्लिप धुवा, घासा, आणि इलेक्ट्रोडची तार द्रावणापासून किमान काही सेंटिमीटर उंच ठेवा.

लगिन नळीत, म्हणजे रेफरन्सचा संपर्क जस्ताजवळ नेणाऱ्या बारीक टोकाच्या नळीत, बुडबुडा आहे का ते टॉर्च लावून बघा. केसाएवढा बुडबुडासुद्धा रेफरन्सचा संपर्क तोडतो, आणि तो कधी तोडतो कधी नाही, म्हणून आलेख बेभरवशाचा होतो.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी गोष्ट: जस्ताचं तोंड कुठल्या दिशेला आहे. झिंकेटयुक्त द्रावण मूळ केओएचपेक्षा जड असतं. चकती खाली तोंड करून टांगली तर जड द्रावण आपोआप खाली ओघळतं, ताजं केओएच येतं आणि जस्त बराच वेळ चालतं. तीच चकती वर तोंड करून तळाशी ठेवली तर झिंकेट तिथेच बसून राहतं आणि पॅसिव्हेशन लवकर येतं. उभ्या पट्टीवर मधली स्थिती असते. काचेच्या पेल्यामागून टॉर्च धरून उभी पट्टी चालू करंटमध्ये पाहा: पृष्ठभागालगत धुरकट, थरथरणारी रेघ खाली वाहताना दिसते, उन्हात तापलेल्या रस्त्यावरच्या हवेसारखी. हा ओघ खाली जाताना जाड होत जातो, म्हणून पट्टी बहुधा खालच्या कडेकडून काळी पडायला लागते. दोन प्रयोगांत पट्टी वेगवेगळ्या कोनात असेल तर बाकी सगळं अचूक असूनही वेळ जुळणार नाही. होल्डरवर खूण करून कोन पक्का करा.

खाली तोंड असलेल्या चकतीची एक अडचण आहे: जस्त स्वतःहून थोडा हायड्रोजन सोडतं आणि ते बुडबुडे चकतीखाली अडकतात. मापन सुरू करण्याआधी होल्डर हलकेच तिरपा करून ते झटका.

नायट्रोजन द्रावणातून सोडत असाल तर मापनाआधी नळी वर काढून द्रावणाच्या पृष्ठभागावर ठेवा आणि दोन-तीन मिनिटं द्रावण शांत होऊ द्या.

२. रेफरन्स इलेक्ट्रोड

अल्कलीमध्ये सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड किंवा कॅलोमेल थेट बुडवलेलं दिसलं की शोध बऱ्याचदा तिथेच संपतो. हायड्रॉक्साइड आत शिरून चांदीवर ऑक्साइड करतो, कॅलोमेलमध्ये पाऱ्याचा ऑक्साइड होतो आणि विभव सरकत जातं. उलट दिशेने क्लोराइड बाहेर झिरपतं, आणि हे जास्त घातक आहे: क्लोराइड जस्ताच्या पॅसिव्ह थरात खड्डे पाडतं. मग सपाट तळ सपाट राहत नाही, आणि तुम्ही जस्ताची शुद्धता तपासत बसता.

इथे मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइडचा इलेक्ट्रोडच योग्य, आणि त्याच्या आत त्याच तीव्रतेचं केओएच. तपासणी सोपी आहे. दोन रेफरन्स त्याच द्रावणात बुडवून मल्टिमीटरने फरक मोजा. फरक ५ मिलिव्होल्टच्या आत असेल तर पुढे जा. जास्त असेल तर आतलं द्रावण बदला आणि पुन्हा मोजा. दुसरा रेफरन्स नसेल तर प्लॅटिनमच्या तारेवरून हायड्रोजन सोडून त्याच केओएचमध्ये तुलना करा: २५ अंश सेल्सिअसला ती तार या रेफरन्सच्या सापेक्ष उणे ०.९२६ व्होल्टच्या जवळ दिसायला हवी. दोन्ही इलेक्ट्रोड हायड्रॉक्साइडच्या तीव्रतेबरोबर सारखेच सरकतात, म्हणून हा आकडा केओएच बदललं तरी जवळपास तोच राहतो. हायड्रोजनचं काम फ्यूम हूडमध्येच, ठिणगीपासून दूर.

ताज्या जस्ताचं मोकळ्या मंडलातलं, म्हणजे करंट वाहत नसतानाचं, विभव ही आणखी एक फुकटची तपासणी. या रेफरन्ससापेक्ष ते साधारण उणे १.३५ ते उणे १.४५ व्होल्टमध्ये यावं. उणे १.१ च्या आसपास दिसलं तर करंट सुरू करूच नका. आधी रेफरन्स, जोड आणि पृष्ठभाग तपासा.

३. पोटेन्शिओस्टॅटला साधा रोध लावा

पोटेन्शिओस्टॅट म्हणजे विभव ठरवून करंट मोजणारं यंत्र. त्याला लावलेला सेल काढून १ किलोओमचा रोध लावा, १०० मिलिव्होल्ट द्या. ०.१ मिलिअँपिअर यायला हवा. मोठ्या करंटच्या श्रेणीसाठी १० ओम, १ वॉटचा रोध आणि १ व्होल्ट: १०० मिलिअँपिअर. हे आलं तर यंत्र ठीक आहे. पाच मिनिटांचं काम आहे, तरी लोक ते शेवटी करतात.

४. द्रावण

इथे जरा थांबा, कारण खरा घोळ बहुधा इथेच असतो.

पहिली चूक वजनाची. बाजारात मिळणाऱ्या केओएचच्या गोळ्या शुद्ध नसतात. त्यात पाणी असतं आणि डब्यावर बहुधा ८५ टक्के असं लिहिलेलं असतं. ६ मोलर द्रावणाच्या एका लिटरला शुद्ध केओएच ३३७ ग्रॅम लागतं, म्हणजे ८५ टक्केवाल्या गोळ्या ३९६ ग्रॅम. कोणी सरळ ३३७ ग्रॅम गोळ्या टाकल्या तर हातात ५.१ मोलर येतं. हायड्रॉक्साइड कमी म्हणजे शिखर बुटकं, पॅसिव्हेशन लवकर. एकाने हिशेब केला, दुसऱ्याने नाही, की दोघांचे आलेख आयुष्यभर जुळत नाहीत.

दुसरी चूक हवेची. केओएच हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून कार्बोनेट बनवतं, आणि प्रत्येक रेणूमागे दोन हायड्रॉक्साइड जातात. महिनाभर अर्धवट झाकलेल्या बाटलीतलं १ मोलर द्रावण १ मोलर उरत नाही. सौम्य द्रावणात याचा फटका जास्त जाणवतो, कारण मुळातच हायड्रॉक्साइड थोडा असतो.

हे मोजता येतं. न वापरलेल्या साठ्यातून १० मिलिलिटरचे दोन नमुने घ्या, प्रत्येक १०० मिलिलिटरपर्यंत उकळून थंड केलेल्या पाण्याने वाढवा. पहिल्यात मिथिल ऑरेंज टाकून ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन (टायट्रेशन) करा. यातून एकूण अल्कली कळते. दुसऱ्यात आधी १० टक्के बेरियम क्लोराइड भरपूर टाका म्हणजे कार्बोनेट खाली बसेल, मग फिनॉल्फ्थॅलिन टाकून सावकाश अनुमापन करा; यातून फक्त हायड्रॉक्साइड कळतो. स्वच्छ १ मोलर द्रावणाला दोन्ही वेळा २० मिलिलिटरच्या जवळ लागतं. दोन आकड्यांत अर्ध्या मिलिलिटरपेक्षा जास्त फरक पडला तर तो साठा टाकून द्या. वापरलेल्या द्रावणावर ही चाचणी करू नका, झिंकेट मध्ये येतं. बेरियम क्लोराइड विषारी आहे, हातमोजे घाला.

सोडियम हायड्रॉक्साइड वापरत असाल तर एक जुनी सोपी युक्ती आहे: ५० टक्के द्रावण करून ठेवा. त्यात सोडियम कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसतं. वरचं नितळ द्रावण घेऊन सौम्य करा. पोटॅशियमच्या बाबतीत हे चालत नाही, कारण त्याचं कार्बोनेट फारच विरघळतं.

तिसरी चूक तेच द्रावण पुन्हा पुन्हा वापरण्याची. हिशेब बघा: १ चौरस सेंटिमीटरवर १०० मिलिअँपिअर, १० मिनिटं, म्हणजे ६० कूलोम. यात सुमारे २० मिलिग्रॅम जस्त विरघळतं. ५० मिलिलिटर द्रावणात ते ६ मिलिमोलर झिंकेट होतं. एकदा केलं तर काही बिघडत नाही. दहा वेळा केलं की ६० मिलिमोलर झिंकेट साचतं आणि १ मोलर द्रावणातला साधारण १२ टक्के हायड्रॉक्साइड खर्च होतो (चारातले दोन समोरच्या इलेक्ट्रोडवर परत तयार होतात). 'प्रत्येक स्कॅनला थोडा थोडा बदल' हे लक्षण इथून येतं. शिवाय साचलेलं झिंकेट काउंटर इलेक्ट्रोडवर, म्हणजे मंडल पूर्ण करणाऱ्या त्या समोरच्या इलेक्ट्रोडवर, स्पंजासारखं जस्त म्हणून बसतं, तुकडे सुटतात आणि द्रावणात तरंगतात. काउंटर करडा, केसाळ दिसला की सगळं ओतून टाका आणि नवीन घ्या.

द्रावण करताना गोळ्या पाण्यात टाका, पाणी गोळ्यांवर ओतू नका. बर्फाच्या पाण्यात पॉलिप्रोपिलीनचा पेला ठेवा, थोड्या थोड्या गोळ्या घाला, ढवळत राहा. चेहऱ्याला चिकटून बसणारा गॉगल घालाच. साधा चष्मा पुरत नाही. साठा पॉलिथिलीनच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. काचेत ठेवलेल्या केओएचमध्ये सिलिकेट उतरतं, आणि सिलिकेटमुळे झिंक ऑक्साइड खाली बसणं लांबतं. म्हणजे जुन्या काचेच्या बाटलीतल्या द्रावणात जस्त 'छान' चालतं आणि ताज्यात चालत नाही, अशी उलटी कोडी तयार होतात.

५. पृष्ठभागाची तयारी

इथे ठरलेलं वेळापत्रक हवं, जास्त चकाकी नको. ६०० आणि मग १२०० नंबरचा पेपर पाण्याखाली, हलक्या हाताने: जस्त मऊ असतं, दाबलं की अपघर्षकाचे कण रुततात. मग इथेनॉलमध्ये अल्ट्रासॉनिक दोन-तीन मिनिटं, शुद्ध पाणी, आणि लगेच सेलमध्ये. पॉलिशपासून बुडवण्यापर्यंतचा वेळ दर वेळी सारखा ठेवा. दोन मिनिटं म्हटलं तर दोनच मिनिटं. दमट हवेत जस्तावर ऑक्साइड आणि कार्बोनेटचा पापुद्रा लगेच धरतो.

उरलेला पापुद्रा काढायला बरेच जण उणे १.६ व्होल्टवर मिनिटभर ठेवतात. ताज्या, झिंकेट नसलेल्या द्रावणात हे ठीक आहे. झिंकेट असलेल्या द्रावणात मात्र याच विभवावर नवं स्पंजासारखं जस्त बसतं, क्षेत्रफळ वाढतं आणि पहिलं शिखर फुगतं. पॉलिशची सगळी मेहनत त्या एका मिनिटात वाया जाते.

इपॉक्सीत बसवलेल्या चकतीची कड भिंगाखाली बघा. जस्त आणि इपॉक्सीमध्ये काळी रेघ दिसली तर अल्कली आत शिरतेय. त्या फटीत झिंकेट कोंडतं आणि आतलं क्षेत्रफळ मोजता येत नाही. अशी चकती पुन्हा बसवा, वरून लाख लावून भागत नाही.

६. द्रावणाचा रोध

०.५ चौरस सेंटिमीटरवर २०० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे १०० मिलिअँपिअर. मध्ये फक्त १ ओम रोध असला तरी १०० मिलिव्होल्ट खाल्ले गेले, आणि शिखर तेवढं पुढे दिसलं. याहून वाईट परिणाम उताराच्या बाजूला होतो. पॅसिव्हेशनमध्ये विभव वाढताना करंट कमी होतो; हा उतार रोधाच्या मानाने तीव्र असेल तर यंत्र मधल्या बिंदूंवर टिकूच शकत नाही, करंट कड्यावरून पडल्यासारखा कोसळतो किंवा वरखाली डुलत राहतो. तो कडा जस्ताचा गुण समजून लिहिला जातो, तिथे चूक होते.

उपाय स्वस्तापासून: आधी इलेक्ट्रोड लहान करा, कारण एकूण करंट घटतो. मग लगिनचं टोक जवळ आणा, पण टोकाच्या बाहेरच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा जवळ नको, नाहीतर त्याचीच सावली पृष्ठभागावर पडते. त्यानंतर उच्च वारंवारतेच्या इम्पीडन्सने (एसी सिग्नल देऊन मोजलेल्या रोधाने) द्रावणाचा रोध काढून यंत्रात त्याची ८० ते ८५ टक्के भरपाई द्या. शंभर टक्क्यांचा मोह टाळा, यंत्र दोलायमान होतं.

७. तरीही जुळत नसेल: करंट आणि वेळेची चाचणी

चकती वर तोंड करून, काचेची कड वर येईल अशा नळीत बसवा, म्हणजे संवहन जवळपास थांबेल. स्थिर करंटवर विभवाची उडी किती सेकंदांनी येते ते पाहा. मग करंट दुप्पट करा. वेळ साधारण एक चतुर्थांश व्हायला हवा: १०० मिलिअँपिअरला २०० सेकंद लागले तर २०० ला ५० च्या आसपास. असं झालं तर जस्त, पृष्ठभाग आणि यंत्र तिन्ही ठीक आहेत. आयनांचं वहनच वेळ ठरवतंय, आणि तुमचा फरक तापमान, कोन किंवा तीव्रतेतून येतोय. सेल २५ अंशांच्या पाण्यात बसवा आणि अर्ध्या अंशाच्या आत ठेवा. वेळ या नियमापासून फार लांब गेला तर पृष्ठभाग आणि शुद्धतेकडे परत या: ९९.९ टक्क्यांच्या खालचं जस्त, त्यातलं लोह किंवा निकेल, हायड्रोजन वाढवतं आणि थर मध्येच फोडतं.

कुठे थांबायचं

मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइडचा इलेक्ट्रोड तडकला किंवा पाऱ्याचा थेंब दिसला की काम लगेच बंद. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, माणसं बाहेर काढा, प्रयोगशाळेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा.

१ किलोओमच्या चाचणीत आकडा चुकला तर पोटेन्शिओस्टॅट उघडू नका. ते सर्व्हिस इंजिनिअरचं काम आहे.

जस्तातली किंवा द्रावणातली अशुद्धता अंदाजाने ठरवू नका. पाच वेळा द्रावण बदलूनही फरक तसाच राहिला तर नमुना विश्लेषण प्रयोगशाळेत पाठवा. लोह, निकेल, शिसं आणि क्लोराइड मोजून मागा.

गरम, ६ मोलरच्या वरचं केओएच एकट्याने हाताळू नका, आणि अॅल्युमिनियमचं कुठलंही भांडं, चिमटा किंवा फॉइल त्याच्या जवळ येऊ देऊ नका. हायड्रोजन जोरात सुटतो. डोळ्यात थेंब गेला तर तपासण्या, आलेख सगळं सोडून पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याने सलग २० मिनिटं धुवा, आणि धुणं चालू असतानाच दुसऱ्याला डॉक्टर बोलवायला सांगा. दुखणं थांबलं म्हणून धुणं थांबवू नका. अल्कली वेदना कमी झाल्यावरही आत शिरत राहते.